डोंगर पेटला त्या दिवशीची पाचवी

फाल्गुन सरत आला की आमच्या डोंगरावर धूर दिसला म्हणून कुणी हातातलं काम टाकत नाही. कुणी बांध पेटवलेला असतो, कुणी कपाशीची पऱ्हाटी, कुणी मोहाच्या झाडाखालचा पाला, फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून. धूर निघतो, थोड्या वेळात विरतो. त्या दुपारी मीही चुलीतून बाळंतिणीच्या शेगडीसाठी निखारे काढत होते. डोंगराच्या पलीकडून धूर निघालेला बघितला, 'पेटवला वाटतं कुणीतरी' असं पुटपुटले आणि शेगडी घेऊन आत गेले. आज आठवलं की माझं मलाच हसू येतं. मला काळजी कशाची, तर शेगडीतली एखादी ठिणगी उडून लेकराच्या दुपट्यावर नको पडायला.

आमची वस्ती जिंतूरच्या डोंगराच्या अगदी पायथ्याला. मूळ गाव सडकेकडं, पण शेतं डोंगराला लागून, म्हणून पंधरावीस घरं शेतातच येऊन राहिलेली. घरामागं शेत, शेतामागं गायरानाची पट्टी आणि तिथून पुढं वनखात्याचा डोंगर. पळस, धावडा, सीताफळ आणि माणसाच्या छातीला लागेल एवढं कुसळी गवत. पावसाळ्यात तिकडं बघितलं की डोळे निवतात. उन्हाळ्यात तेच गवत वाळून खडखडीत होतं.

मी या गावची पोलीस पाटील आहे. पाटलीण नाही, पाटील. भांडण होवो, साप चावो, नदीला पूर येवो की कुणाची म्हैस चोरीला जावो, पहिला फोन मला येतो आणि पुढं ठाण्याला, तहसीलला कळवायचं माझ्याकडं असतं. माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको. गावात मला ताई, काकू म्हणणारे माझ्या माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही.

पण त्या दिवशी सकाळपासून माझ्या तोंडाला कुलूप होतं, कारण घरात विहीणबाई होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. तालुक्याच्या दवाखान्यात मोकळी झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आल्या. त्या दिवशी पाचवी होती. पाचवीची पूजा बघायला, म्हणजे खरं तर आम्ही ती नीट करतो की नाही ते बघायला, विहीणबाई वालूरहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. जावई परभणीला नोकरीला, ते संध्याकाळपर्यंत पोचणार होते.

विहीणबाईंनी आल्या आल्या बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला. शेगडीत ओवा कमी आहे म्हणाल्या. डोक्याला बांधलेलं फडकं ढिलं आहे म्हणाल्या. डिंकाचा लाडू हातात घेऊन उजेडाकडं धरून बघितला आणि परत ताटात ठेवला. फौजदाराला जिथल्या तिथं उत्तर देणारी मी, प्रत्येक वेळी 'हो विहीणबाई, हो विहीणबाई' करत होते. आमचे मालक दोनदा गोठ्यामागं जाऊन हसून आले, ते मला कळलं होतं.

पाचवीचं त्यांचं सगळं ठरलेलं. संध्याकाळी दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडायचा, हळदीकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचा. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. तोवर बाळंतीण आणि लेकरू यांनी उंबरा ओलांडायचा नाही. हे आमच्याकडंही असंच असतं, यात नवं काही नव्हतं. मी सकाळीच पाटा घासून, धुऊन, हळद लावून स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवला होता.

शेगडी ठेवून बाहेर आले तोवर धुराचा रंग बदललेला. मघाशी पांढरा होता, आता पिवळट काळा झाला होता आणि रुंदीनं पसरला होता. मोर ओरडत होते, एका जागेवरून नाही, चहूकडून. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या भागाची वनरक्षक. अंगापिंडानं लहान, वयानं माझ्या लेकीएवढी पोर, पण मोटारसायकलवरून अख्खा डोंगर एकटी फिरते. शेळ्या आणि सरपणावरून तिचं आणि आमच्या वस्तीचं नेहमीचं भांडण, आणि मध्ये मी. आदल्याच आठवड्यात तिनं वस्तीतल्या बायांच्या मोळ्या खाली टाकायला लावल्या होत्या आणि मी तिला भर रस्त्यात चार शब्द सुनावले होते.

ती म्हणाली, "काकू, पलीकडच्या अंगानं लय मोठं पेटलंय. वारा तुमच्याकडं हाय. वस्ती रिकामी करायला घ्या." आवाज शांत होता, पण धाप लागलेली ऐकू येत होती.

एक गोष्ट माझ्या अंगात आहे, संकटात माझे हातपाय गळत नाहीत, नंतर गळतात. ठाण्याला फोन केला, तहसीलला केला, नगरपालिकेचा बंब मागितला. गावात सरपंचांना सांगून मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून पुकारा करायला लावला, की ज्यांच्याकडं फवारणीचे पंप आहेत त्यांनी पाणी भरून वस्तीवर या, ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहेत त्यांनी नांगर जोडून या, आणि ज्यांच्याकडं दोन्ही नाही त्यांनी हात घेऊन या. शेवटचं वाक्य माझं नव्हतं, ते सरपंचांनी स्वतःच्या मनानं घातलं.

आणि माणसं आली. मी हे लिहायला बसले ते मुळात यासाठीच. आपल्याकडं आभार मानायची चाल नाही. फार तर चहा पाजतो. मी त्या सगळ्यांना नंतर चहा पाजला, पण तेवढ्यानं माझं मन भरलं नाही. कपाशीवर औषध मारायचे पंप पाठीला लावून पोरं मोटारसायकलवर जोड्याजोड्यानं येत होती. शेजारच्या गावातले लोक आले, ज्यांच्याशी आमचं पाझर तलावाच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. बंब आला, पण तो डोंगरावर चढणार कसा, म्हणून त्याचा ड्रायव्हर गाडीवाटेवर उभा राहून पंप भरून द्यायला लागला. ज्या बायांच्या मोळ्या खाली टाकायला लावल्या होत्या त्याच बाया पळसाच्या ओल्या फांद्या तोडून वनरक्षकाच्या पाठोपाठ गायरानात गेल्या. एकीनंही मागचं काढलं नाही.

वनरक्षक पोरीनं वस्तीच्या मागं, गायरान आणि शेतांच्या मधून, जाळपट्टा काढायला सांगितला. म्हणजे रुंद पट्टी नांगरून काळी करून टाकायची, गवताची काडी ठेवायची नाही. आमच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर सगळ्यात पुढं होता. त्यांचा गहू अजून उभा होता, त्याच्या कडेच्या ओळी पट्ट्यात जात होत्या. त्यांनी गहू बघितला, डोंगर बघितला आणि नांगर गव्हात घातला. मी तिथंच उभी होते. त्या माणसाला मी त्याआधी कधी एका शब्दानं चांगलं म्हटलं नव्हतं.

पण नुसत्या पट्ट्यानं भागणार नव्हतं. वारा असा होता की ठिणग्या पट्टा ओलांडून सहज पडल्या असत्या. पोरीनं मला आणि चारदोन कर्त्या माणसांना जवळ घेऊन समजावलं. आग डोंगर चढताना पळते आणि उतरताना चालते. वरची आग उतरून खाली यायच्या आत आपण पट्ट्याच्या कडेला खालून गवत पेटवायचं. ही आपली आग चढत जाईल, मधलं गवत खाऊन टाकेल आणि वरच्या आगीला खायला काही उरणार नाही. फक्त वाऱ्याचा जोर वाढला तर ठिणग्या घरांवर येतील. म्हणून आधी वस्ती रिकामी पाहिजे, सगळी, शेवटचं माणूस धरून. एक घर जरी राहिलं तरी मी काडी लावणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. आणि उशीर झाला तर लावूनही उपयोग नव्हता.

मी वस्तीत पळाले. ट्रॉल्या लावल्या, म्हातारी माणसं चढवली, गॅसच्या टाक्या बाहेर काढून लांब नेल्या, ढोरांची दावी सोडली. ज्यांच्या कडब्याच्या गंजी घराजवळ होत्या त्या हलवायला किंवा भिजवायला लावल्या. लोक ऐकत होते. आणि मग एकेक जण थांबायला लागला. ट्रंक ट्रॉलीत चढवलेली बाई ट्रंकेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, पाटीलबाईची लेक निघाली की आम्ही निघतो. दुसऱ्या घरातल्यांनी चढवलेली पोती परत उतरवली. बाळंतीण अजून घरात आहे म्हणजे एवढं काही नसेल, असा हिशेब त्यांनी केला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हाच केला असता.

कारण माझी लेक निघाली नव्हती. विहीणबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

ती मागची खोली म्हणजे आमच्या घराला नंतर जोडलेली. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा कूड, शेणामातीनं लिंपलेला, वर पत्रे, पत्र्याखाली पुन्हा तुराट्या. वारा लागत नाही, ऊन शिरत नाही, म्हणून बाळंतिणीची बाज तिथं टाकली होती. विहीणबाई दाराच्या दोन्ही बाजूंना हात टेकून बसलेल्या, आणि त्यांच्या मागं अंधारात लेक लेकराला छातीशी धरून बाजेवर उठून बसलेली.

मी सगळं सांगितलं. आग कुठपर्यंत आली, पट्टा कसा काढलाय, काडी का लावता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आज पाचवी हाय," त्या म्हणाल्या. "आज रातच्याला सटवाई येती. लेकरू हाय तिथंच पायजे. मी उंबरा वलांडू देणार न्हाई."

मालकांनी दाराबाहेरून हात जोडून सांगून बघितलं. विहिणीसमोर आवाज चढवायची त्यांची काय टाप. त्यांना उत्तर मिळालं, की डोंगराला आग दरसाल लागते, असं सकाळी तुम्हीच म्हणालात. म्हणालो होतो खरं. चहा पिताना मीच म्हणाले होते, मोठ्या ऐटीत.

दुसरं कुणी असतं तर मी दंडाला धरून उठवलं असतं आणि नंतरचं नंतर बघितलं असतं. पण या बाईच्या घरात माझ्या लेकीला जन्म काढायचा होता. आज मी हिला ओढून काढलं आणि उद्या लेकराला साधी सर्दी झाली, तरी दोष माझ्या लेकीच्या माथी बसणार, जन्मभर. आणि नाही काढलं तर काय होणार ते मागच्या दारातून दिसत होतं. डोंगराच्या माथ्यावरून आगीची रेघ खाली वळली होती. राखेचे तुकडे अंगणात पडत होते. लेक माझ्याकडं बघत होती, सासूकडं बघत होती. तिच्या डोळ्यांतून नुसती धार लागलेली.

वनरक्षक पोर स्वतः अंगणात आली. चेहरा काजळीनं माखलेला. ती आत आली नाही, दारातूनच मला म्हणाली, "काकू, आता लावली तर लावली. थोड्या वेळानं मला जमायचं न्हाई." आणि उलट्या पावली पट्ट्याकडं पळत गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायला गेले की रडायला, मलाच माहीत नाही. समोर पाटा. हळद लावलेला, संध्याकाळसाठी तयार. माझ्या सासूचा पाटा, चांगला जाडजूड, एरवी मी मालकांना हाक मारल्याशिवाय हलवत नाही. तो मी एकटीनं उचलला. रागानंच उचलला, खोटं कशाला बोलू. पोटाशी धरून मागच्या खोलीच्या दारात आणला आणि विहीणबाईंच्या पुढ्यात उभी राहिले.

"सटवाईला पाटा लागतो, विहीणबाई," मी म्हणाले. "भिंती लागत न्हाईत. जिथं हा मांडू तिथं ती येईल."

त्या पाट्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं. माझे हात भरून आले होते आणि मनात म्हटलं, गेलं, आता ही बाई रुसून बसणार आणि आपण सगळे इथंच भाजणार.

"पाटा ह्याच घरचा ऱ्हायला पायजे," शेवटी त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, याच घरचा आहे, माझ्या सासूचा.

"वरवंटा कुठंय?"

आणि त्या उठल्या. दाराला धरून उठल्या. मला वाटलं, वयामुळं आधार लागत असेल. त्यांनी स्वतः स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, लेकराच्या दुपट्यात गुंडाळला आणि छातीशी धरला. मालकांनी पाटा घेतला. मी लेकीला एका हातानं कमरेला धरलं, दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावर पदर ओढला, आणि आम्ही अशा वरातीनं बाहेर पडलो. पुढं वरवंटा, मागं बाळंतीण, त्यामागं पाटा.

ट्रॉलीतल्या एका म्हातारीनं विहीणबाईंच्या हातातलं बोचकं आणि लेकीच्या हातातलं बोचकं बघितलं आणि विचारलं, जुळं झालं व्हय? मला इतकं हसू आलं की मी तोंडावर पदर घेतला. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते दुपटं आणखी घट्ट धरलं. पण बाळंतीण निघाली म्हटल्यावर वस्ती बघता बघता रिकामी झाली. उतरवलेली पोती परत चढली नाहीत, तशीच अंगणात सोडून माणसं निघाली.

ट्रॉल्या वळणापल्याड गेल्या, तशी मी आणि मालक एकेका घरात डोकावलो, हाका मारल्या, आणि मी वनरक्षक पोरीला फोन केला. झाली रिकामी, एवढंच बोलले. पट्ट्याच्या कडेनं आगीचा एक धागा धावत गेलेला मला लांबून दिसला.

मी पट्ट्यावर गेले. तिथं जायची मला गरज नव्हती, पण पाय घराकडं वळत नव्हते. हातात कुणीतरी पळसाची फांदी दिली आणि मीही रांगेत उभी राहिले. पट्टा ओलांडून ठिणगी पडली की झोडपायची, पंपवाल्यानं पाणी मारायचं, पुढं सरकायचं. आपली आग चढायला लागली. सुरुवातीला बिचारी दमानं, मग गवताला गवत लागत गेलं तशी सुसाट. मधल्या झाडीतून सगळं रान खाली पळत आलं. ससे, तित्तर, आणि मग रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप. हे रोही आमच्या हरभऱ्याचा दर हंगामाला सत्यानाश करतात, त्यांना शिव्या दिल्याशिवाय आमचा दिवस जात नाही. ते आमच्या रांगेच्या मधून, हाताच्या अंतरावरून, रिकाम्या वस्तीत शिरले. कुणी आवाज केला नाही. सगळ्यांनी फांद्या खाली घेतल्या आणि त्यांना वाट दिली.

दोन्ही आगी मध्यावर भेटल्या तेव्हा जो आवाज झाला तो मी कधी विसरणार नाही. ज्वाळा सरळ वर गेल्या, वाटलं आता संपलंच सगळं, आणि मग त्या बसल्या. खायला काही उरलं नव्हतं. डोंगराचं खालचं अंग काळं ठिक्कर पडलं, धूर निघत राहिला, पण आग वस्तीकडं आली नाही. माणसं नांगरलेल्या मातीत जिथल्या तिथं बसली. वनरक्षक पोर आमच्या बायांमध्ये बसली होती, आणि एक बाई तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावत होती. तीच, मोळीवाली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. वस्तीतून धूर निघत होता, आणि तो आमच्या घरामागून निघत होता.

सगळ्यांच्या गंजी मी हलवायला लावल्या होत्या. आमची राहिली होती. वाद घालण्यात वेळ गेला, दुसरं काय. वाऱ्याचा जोर घटकाभर वाढला तेवढ्यात एखादी ठिणगी उडत येऊन कडब्यात पडली होती. आम्ही पोचेपर्यंत गंज पेटली होती आणि तिच्या कडेची मागची खोली धडधडत होती. तुराट्यांना काय वेळ लागतो. मालकांनी आणि शेजाऱ्यांनी कुऱ्हाडीनं वासे तोडून ती खोली घरापासून सुटी केली, पोरांनी पंप मारले, बंबाच्या ड्रायव्हरनं गाडी पार अंगणात घातली. पुढचं घर वाचलं. मागच्या खोलीत काही उरलं नाही. बाजेची जळकी लाकडं तेवढी दिसत होती, आणि शेगडी.

तेव्हा माझे हातपाय गळाले. मी अंगणात मटकन बसले आणि मोठ्यानं रडले, सगळ्यांसमोर. पोलीस पाटील असून. शेजारी ट्रॅक्टरवाले जवळ येऊन बसले आणि म्हणाले, चला, लेकराची पाचवी हाय ना. त्यांच्या गव्हाच्या ओळी गेल्या होत्या आणि त्यांना माझ्या नातीची पाचवी आठवत होती.

गावातल्या शाळेची एक खोली वस्तीसाठी उघडून दिली होती. मी पोचले तेव्हा दिवे लागत होते. जावई आले होते, दाराशी उभे होते, भांबावलेले. आत फळ्याखालच्या कोपऱ्यात पाटा मांडलेला. गावातल्या बायांनी कुणी हळदीकुंकू आणलेलं, कुणी खण, कुणी पुरणाचे दिवे, कुणी लेकीसाठी तूपभात. कुणाच्या घरचं काय ते ओळखू येत नव्हतं इतकं सगळं एकात एक झालं होतं. लेक भिंतीला टेकून बसलेली, आणि लेकरू गाढ झोपलेलं.

विहीणबाई पाट्यासमोर होत्या. त्यांनी मला बघितलं, माझ्या काळ्या झालेल्या लुगड्याकडं बघितलं. मालकांनी मागून हळू आवाजात सांगितलं, घर वाचलं, एक खोली गेली.

"कोणती?" त्यांनी विचारलं.

मागची, मालक म्हणाले.

त्यांनी मान खाली घातली. मग पूजा केली, सगळी, एकेक गोष्ट जिथल्या तिथं. कागद ठेवला, पेन ठेवला, लेकराला पाट्यासमोर आडवं केलं, परत उचलून आईच्या कुशीत दिलं. बाया हळूहळू बाहेर भाकरी खायला गेल्या. मी शेजारी बसून होते. तेव्हा त्या माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"माझं पयलं लेकरू पाचवीच्या दिवशी दूध पिईना. बैलगाडीत घालून दवाखान्यात न्हेलं. बरं होऊन आलं घरी, पण पाचवी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. पुढं दोन मयन्यांत गेलं. माझी सासू मरंस्तोवर म्हणायची, उंबरा वलांडला म्हणून गेलं." मग म्हणाल्या, "आज ट्रालीत बसले तवा मला तीच गाडी दिसायली होती."

मी दिवसभर त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं. आडमुठी म्हटलं होतं, रीतीभातीची मिजास असलेली म्हटलं होतं. आणि ही बाई सगळा वेळ नुसती भीत होती. आगीला नाही. आपल्या हातून दुसरं लेकरू जाईल म्हणून भीत होती, आणि तशी भीत भीतच उठली होती. माझी लेक, माझी नात, अख्खी वस्ती त्या उठण्यावर वाचली होती.

मी विचारलं, मग उठलात कशाच्या जोरावर?

"तुमी पाटा उचलून आणला म्हणून," त्या म्हणाल्या. "माझ्या टायमाला पाटा संगं न्ह्यायचं कुणालाच सुचलं न्हाई."

लेकीच्या लग्नात मी त्यांच्या पाया पडले होते, मुलीच्या आईनं पडायचं असतं म्हणून. त्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत पडले ते मनापासून.